टेकडीआडचं घर

१९ सप्टेंबर २०२१, रविवार

सकाळी ढगाळ, दुपारी ऊन, वारा बेताचा.

अनंत चतुर्दशी. आम्सटरडॅमला माझ्या मुलीच्या, चारुताच्या घरी बाल्कनीत निळ्या बादलीत गणपतीचं विसर्जन केलं. रेवा, माझी आठ वर्षांची नात, बादलीवर वाकून ‘दाख, बाप्पा’, म्हणजे ‘बाय, बाप्पा’, म्हणाली. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ तिला समजतं, पण तोंडातून डचच निघतं. आमचे जावई अभिजितराव आरतीपुरते कामाच्या खोलीतून बाहेर आले, टाळ्या वाजवल्या, खोबऱ्याची वडी घेतली आणि पुन्हा आत गेले. रविवारीही मीटिंग. रात्री झोपतातही त्याच खोलीत, अमेरिकेचे फोन असतात म्हणे. एवढं राबवतात माणसाला.

सव्वाचारला कराडहून सतीशचा फोन आला. माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, “सर, हातातलं काम टाका आणि इंटरनेट लावा. ला पाल्मा फुटलं.” आफ्रिकेजवळ स्पेनची बेटं आहेत, त्यातलं हे एक. मी चारुताचा लॅपटॉप घेतला आणि बसलो तो साडेसातपर्यंत उठलो नाही.

चौतीस वर्षं मी कॉलेजात लाव्हा शिकवला. आपला महाराष्ट्र म्हणजे थिजलेला लाव्हा, हे वाक्य हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल. वाहता लाव्हा मात्र जन्मात पाहिला नव्हता. कधी पाण्यात न उतरलेल्या माणसाने पोहायला शिकवावं, तसलाच प्रकार. आज पाहिला. पाइनच्या झाडांमधून जमिनीला फट पडली आणि तिच्यातून उसळ्या मारत वर आला. डोळ्यांत पाणी आलं. या वयात त्याची लाज कशाला वाटायची.

मधे चारुता चहा घेऊन आली. म्हणाली, “बाबा, थोडं बोलायचं होतं.” मी म्हटलं, “आता नको गं, हे बघ, दुसरं तोंड उघडलं.” दोन मिनिटं शेजारी बसली आणि गेली. तिला लहानपणापासून दगडांची आवड नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयात जाऊन बेटाच्या त्या भागाचा उंचीच्या रेषांचा नकाशा छापून आणला. चार कागद चिकटवून जेवणाच्या टेबलावर पसरला. आता रोज सकाळी लाव्हाचं टोक कुठवर आलं ते लाल पेन्सिलीने आखायचं, पुढे तारीख घालायची. आगाशिवच्या डोंगरावर पोरांना नेऊन थर मोजायला लावायचो, तीच शिस्त. रेवाला टोकं काढायचं काम दिलंय. तिला पेन्सिल शार्प करायला फार आवडतं.

अभिजितराव ताट घेऊन आले, नकाशा पाहिला, ताट घेऊन परत आपल्या खोलीत गेले. मी म्हटलं, “बसा की, उचलतो.” म्हणाले, “नको नको, बाबा, चालू दे तुमचं.” मुलगा समंजस आहे.

२३ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस, दिवसभर रिपरिप.

खालच्या मजल्यावरच्या हेनीबाई आज वर आल्या. वय चौऱ्याहत्तर, उंच, खणखणीत. चारुताने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं. मला सरळ “प्रोफेसर” म्हणाल्या. आपल्याकडे कॉलेजात खडू धरला की नावामागे ‘प्रा.’ लागतं, लग्नपत्रिकेतसुद्धा छापतात. इथे म्हणे प्रोफेसर विद्यापीठात एका विषयाला एखादाच असतो. मी सांगणार होतो की बाई, मी साधा लेक्चरर होतो, तोही कराडला. पण त्या एवढ्या विश्वासाने बघत होत्या की राहून गेलं.

त्यांचं ला पाल्मावर घर आहे. नवरा कीस, शाळामास्तर, निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून बांधलं आणि बावीस हिवाळे तिथे काढले. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कीस करोनाने गेले. हॉस्पिटलात बाईंना आत सोडलं नाही, टॅबलेटवर निरोप घ्यावा लागला. हे सगळं त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

मग मुख्य गोष्ट. कीसनी तिथे रोज पाऊस मोजला. अंगणात पांढरी लाकडी पेटी, तिच्यात तापमापक, शेजारी पर्जन्यमापक. बावीस वर्षं, बावीस वह्या. एका आकड्यापुढे एक ओळ. वह्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत. हेनीबाई म्हणाल्या, “घर गेलं तर गेलं, विमा आहे. मला वह्या हव्यात. त्याचा आवाज माझ्याकडे नाही, पण त्यात तो रोज बोलतो.”

मी नकाशावर घर शोधलं. लाव्हाचा मार्ग दक्षिणेच्या घळीतून. घळ आणि घर यांच्या मधे टेकडीची चांगली चाळीस मीटर उंचीची सोंड. घर टेकडीच्या आड. मी छोटा चौकोन काढला आणि बाईंना दाखवलं. म्हटलं, “बघा, निसर्गानेच भिंत घातलीय.” त्यांनी माझा हात धरला. अंतर पाळायचा नियम परवापासून उठतोय, त्याच्या आधीच.

२६ सप्टेंबर, रविवार

काही विशेष नाही. शामलाची आठवण आली. माझी बायको, पाच वर्षं झाली तिला जाऊन. ती म्हणायची, “तुम्हाला न विचारलेलंही तुम्ही सांगता.” आज विचारणारं कुणीतरी भेटलंय.

चारुताने मला सप्टेंबरात का बोलावलं, याचं कोडं आहे. ट्यूलिप एप्रिलमध्ये असतात. दोन डोस, टेस्ट, तीन फॉर्म, एवढा खटाटोप करून तिने स्वतः तिकीट काढलं. विचारलं तर म्हणाली, “या वर्षी याच बाबा, पुढचं सांगता येत नाही.” करोनामुळे माणसं धसकली आहेत.

२९ सप्टेंबर, बुधवार

लाव्हा समुद्राला मिळाला. वाफेचे लोट. पण मला त्याहून आनंद झाला तो घळीचा. घळ काठोकाठ भरली. खाली पहिला थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि वर सपाट. अगदी आपल्या कोयनेच्या खोऱ्यासारखं. पुस्तकातली आकृती जिवंत झाली. सतीशला व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, ‘लाव्हा जुना भूगोल पुसतो आणि नवा लिहितो. माझं वाक्य आठवतं का?’ त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

अभिजितरावांनी आइंडहोवनला खोली घेतलीय. कंपनी आता बोलावते, रोज ट्रेनने दीड तास जायचं आणि दीड तास यायचं, त्यापेक्षा आठवड्यातले चार दिवस तिथेच. मी म्हटलं, शहाणपणाचं केलंत, वेळ वाचेल. चारुता भांडी घासत होती. डिशवॉशर असताना हाताने का घासते कळत नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार

हेनीबाईंकडे रोज अकराला कॉफी. पत्र्याचा डबा उघडतात, एक बिस्किट देतात, डबा बंद करतात. दुसरं मागायची सोय नाही. पण माणूस लाखाचं.

आज त्यांनी फोनमध्ये कीसच्या वहीतल्या एका पानाचा फोटो दाखवला. चुकून काढला गेलेला, एवढाच आहे. अक्षर बारीक, सरळ. त्यांनी वाचून सांगितलं. ‘४ मि.मी. हेनीला सर्दी.’ ‘० मि.मी. अंजिरं उतरवली.’ ‘० मि.मी. भांडलो. माझी चूक.’ मी मास्तर माणूस, मला आकडे आवडतात. पण त्या आकड्यांपुढच्या ओळी त्यांना पुन्हा वाचायला लावल्या.

निघताना त्यांनी विचारलं, “आणि वर सगळं ठीक?” मी म्हटलं, “एकदम. उत्तरेला काहीच हालचाल नाही.” त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज माझ्या विद्येचं चीज झालं म्हणायला हरकत नाही.

हेनीबाई सकाळी नऊलाच वर आल्या. त्यांच्या घराची किल्ली शेजारच्या मिगेलकडे आहे. तिथे घरमालकांना किंवा त्यांच्या माणसाला पाळीपाळीने पोलिसांबरोबर आत सोडतात, पंधरा मिनिटांसाठी. मिगेलची पाळी उद्या सकाळी. अडचण अशी की त्याच्या बहिणीचं घर दक्षिणेला लाव्हाच्या अगदी तोंडाशी आहे, आणि एका फेरीत एकच ठिकाण. त्याने विचारलंय, हेनी, तुझं पुढच्या आठवड्यात केलं तर चालेल का? तू हो म्हणालीस तरच बहिणीकडे जाईन, नाहीतर शब्द दिल्याप्रमाणे तुझ्याकडे जातो.

बाई म्हणाल्या, “बेटावर सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, सांगता येत नाही. प्रोफेसर, तुम्ही सांगा. थांबू का?”

मी चष्मा पुसला. नकाशा पुढ्यात ओढला. दहा दिवसांतली लाल रेघ उत्तरेकडे एक मिलिमीटर सरकलेली नाही. मधे चाळीस मीटरची सोंड. ती ओलांडायला लाव्हा चाळीस मीटर चढायला हवा, आणि पाणी असो की लाव्हा, चढ चढत नाही. हे सगळं कागदावर आकडेमोडीसकट लिहून दिलं. खाली लिहिलं, ‘किमान तीन आठवडे धोका नाही. प्रा. गुरुनाथ शिराळकर.’ नकाशावरच्या चौकोनाशेजारी पेन्सिलीने ‘सुरक्षित’ असं लिहिलं, मराठीत. आपल्या हस्ताक्षराचं एक समाधान असतं.

बाईंनी तिथल्या तिथे मिगेलला फोन लावला. तो पलीकडे रडत होता, मला इकडे ऐकू येत होतं. त्याच्या बहिणीचं सामान निघेल. दोघांचं भलं झालं.

चारुता दारात उभी होती. म्हणाली, “बाबा, तुम्ही हे कशाला सांगायला गेलात?” मी म्हटलं, “विचारलं म्हणून सांगितलं. माझा विषय आहे तो.” ती आत गेली. थकलेली दिसते हल्ली. या बँकेच्या नोकऱ्या म्हणजे गळ्यात लोढणं.

९ ऑक्टोबर, शनिवार

ज्वालामुखीच्या शंकूची उत्तरेकडची बाजू ढासळली. घराएवढे धोंडे लाव्हावर तरंगत खाली आले. नवा प्रवाह, उत्तरेकडे.

हेनीबाईंना सांगितलं, घाबरू नका, सोंड आहे.

मिगेलने बहिणीचं शिवणयंत्र, कागदपत्रं आणि दोन गाद्या काढल्या.

१० ऑक्टोबर, रविवार

पहाटे पाचला जाग आली आणि गादीवर उठून बसलो. मी रेवाच्या खोलीत दुमजली पलंगावर खाली झोपतो, डोकं वरच्या फळीला आपटलं.

घळ भरलेली आहे.

मीच लिहिलंय, २९ तारखेला, याच वहीत. काठोकाठ भरली, वर सपाट. सोंडेची चाळीस मीटर उंची होती ती घळीच्या तळापासून. आता तळच पस्तीस मीटर वर आलाय. भिंत राहिलीय पाच मीटरची. माझा नकाशा उद्रेकाच्या आधीचा, आणि मी वीस दिवस त्याच्यावर लाल रेघा मारत बसलो. चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, लाव्हा भूगोल बदलतो. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

सात वाजता खाली जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी मिगेलला फोन केला. त्याची पाळी संपलेली. नवा अर्ज केला तर बुधवारी, तेही वाऱ्यावर अवलंबून.

हे शुक्रवारी सुचलं असतं तर, असा विचार सारखा मनात येतो. शुक्रवारी सुचलं नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

ढगाळ.

हे लिहायलाच हवं.

लाव्हा काल संध्याकाळी सोंडेवरून उतरला. उतरला म्हणजे काय, कणीक परातीबाहेर यावी तसा हळू. ताशी तीस-चाळीस मीटर. माणूस चालत पुढे जाऊ शकेल इतका सावकाश. तो चपळ असता तर बरं झालं असतं. आम्हाला अख्खी सकाळ बघावं लागलं.

तिथल्या वाहिनीवर ड्रोनचं चित्रण होतं. हेनीबाईंच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्या, मी, चारुता. चारुताने ऑफिसात रजा टाकली. घर दिसत होतं. निळं दार, अंजिराचं झाड, आणि अंगणात ती पांढरी पेटी चार पायांवर. पेटी एवढी स्पष्ट दिसत होती की मला तापमापक वाचता येईल असं वाटलं.

काळा ढिगारा कुंपणापाशी आला आणि थांबला. पाऊण तास थांबला. बाई म्हणाल्या, “थांबला का?” माझ्या तोंडावर ‘हो’ आलं होतं. माझी जीभच तशी आहे. चारुताने माझ्या हातावर हात ठेवला, मी गिळून टाकलं.

मग अंजिराचं झाड पेटलं, लाव्हा लागायच्या आधीच, नुसत्या धगीने. पेटीचे पाय जळाले आणि ती गुडघे मोडून बसली. सव्वाअकराला मागची भिंत आत गेली. स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे.

बाईंनी मला एकच विचारलं. “वह्यांना किती वेळ लागला असेल?”

आणि मी उत्तर दिलं. कागद अमुक अंशाला पेटतो, भिंत तापल्यावर लाव्हा आत यायच्या आधीच फळी पेटली असणार, दोन-तीन मिनिटं. एवढं सगळं बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलतोय.

त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला आणि आमच्या पुढे तसाच उघडा ठेवला. कुणी हात लावला नाही.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा. चारुताने श्रीखंड केलं. दुकानातून आणलेली झेंडूची फुलं लॅपटॉपला आणि सायकलींना वाहिली. मी नकाशाला वाहिली नाहीत.

अकराला खाली गेलो. दोन दिवस गेलो नव्हतो. बाईंना सगळं सांगून टाकलं. मी प्रोफेसर नाही. ज्वालामुखी कधी पाहिलेला नाही. नकाशा जुना होता आणि ते मला कळायला हवं होतं. उंटावरून शेळ्या हाकल्या मी, आणि शेळ्या तुमच्या होत्या. हे शेवटचं इंग्रजीत सांगताना फार पंचाईत झाली.

वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही ज्वालामुखी पाहिलेला नाही हे मला माहीत होतं. तुमच्या मुलीने सांगितलं होतं. ती म्हणाली होती, बाबांना विचारू नकोस, त्यांना ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही.”

“मग का विचारलंत?”

“तुम्ही एकटेच खात्रीने बोलत होता,” त्या म्हणाल्या. “मला खात्री हवी होती. कीस नेहमी म्हणायचा, पाऊस मोजायचा असतो, सांगायचा नसतो. मी त्याचं ऐकलं नाही.”

निघताना म्हणाल्या, “तुमच्या मुलीला तुमच्याशी बोलायचंय.” वर येऊन चारुताला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “आत्ता नको, बाबा. आत्ता तुमचंच मन ठिकाणावर नाही.”

४ नोव्हेंबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. बेटावर उद्रेक चालूच. मी आता रेघा आखत नाही.

अभिजितराव आइंडहोवनहून आले. मिठाईचा खोका, रेवाला फ्रॉक. सदरा घातला होता. दाराची बेल वाजवली. मी दार उघडलं तर बाहेर पायपुसण्यावर उभे, पाहुण्यासारखे. म्हटलं, “किल्ली विसरलात वाटतं.” ते हसले. चारुता आतून म्हणाली, “ये ना आत.”

जेवून साडेआठच्या गाडीने परत गेले. दिवाळीच्या दिवशी. मी विचारणार होतो. विचारलं नाही. काय विचारायचं ते मला दिसत होतं असं मी म्हणणार नाही, पण अगदीच दिसत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून पुन्हा निर्बंध. दुकानं आठला बंद.

हेनीबाईंनी नकाशा मागितला. मी म्हटलं, “तो फाडून टाकणार आहे.” म्हणाल्या, “फाडू नका. माझं घर आता त्याच्यावरच आहे.” नव्या नकाशांवर तिथे नुसता काळा पट्टा दाखवतात.

तो घेऊन गेलो. त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं, आणि शेजारच्या अक्षरांवरून फिरवलं. “हे काय लिहिलंय?”

खोटं सांगता आलं असतं. त्यांना मराठी कुठे येतं? घरमालकाचं नाव म्हटलं असतं तरी खपलं असतं.

“सुरक्षित,” मी म्हटलं आणि अर्थ सांगितला.

त्यांनी मान हलवली. नकाशा फ्रिजला चार चुंबकांनी लावला. तो शब्द खोडू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर, रविवार

चारुताने आज सांगितलं. रेवा मैत्रिणीकडे होती.

दोघं वेगळे झालेत. ऑगस्टपासून ठरलंय. त्यासाठीच मला बोलावलं होतं, फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून. रोज ‘आज सांगू’ म्हणत अडीच महिने गेले. रेवा एक आठवडा इथे, एक आठवडा तिकडे, अभिजितराव आता आम्सटरडॅममध्येच घर बघताहेत. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, काही नाही. “लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष दोन खोल्यांतून एकमेकांना मेसेज करत होतो, बाबा. एक दिवस लक्षात आलं की दोघांनाही तेच बरं वाटतंय.”

हेनीबाईंना माहीत होतं. रेवाला माहीत होतं. मी तिच्याच पलंगाखाली झोपत होतो.

मी सुरुवात केली, “हे बघ, असं असतं, सहा महिने गेले की—”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. म्हणाली, “बाबा, आईच्या वेळी मी तिकीट काढत होते. तुम्ही म्हणालात, येऊ नकोस, साधा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल, काही होत नाही. मी बुकिंगचं पान बंद केलं.”

शामला तिसऱ्या दिवशी गेली. चारुता पाचव्या दिवशी पोचली. पाच वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती, आणि मला वाटत होतं की असं काही घडलंच नाही. मी तेव्हा धीर देत होतो. मला तो धीरच वाटत होता.

“तुला राग होता?” मी विचारलं.

“तेव्हा होता. नंतर वाटलं, तुम्हालाच भीती वाटत होती.”

ती उठली, माझ्यासाठी भात लावला. मी जेवलो. दुसरं काय करणार होतो?

२७ नोव्हेंबर, शनिवार

थंडी, वारा, पाऊस.

उद्याची फ्लाइट. व्हिसाचे नव्वद दिवस भरले. आफ्रिकेत करोनाचा नवा प्रकार सापडल्याची बातमी आहे. विमान उडेल की नाही, असं चारुताने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बेटावर आज आणखी एक तोंड उघडलं म्हणतात.

सकाळी अभिजितराव त्यांचं टेबल न्यायला भाड्याची गाडी घेऊन आले. लिफ्टमध्ये टेबल मावेना. मी दुसरी बाजू धरली आणि चार मजले जिन्याने उतरवलं, वळणावर थांबत थांबत. ते म्हणाले, “बाबा, सॉरी.” मी म्हटलं, “भिंतीला घासतंय, तुमच्या बाजूने उचला जरा.” दोघांनाही त्याहून जास्त जमलं नाही. गाडी निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला, फुटपाथवर, पावसात.

हेनीबाईंनी वाटेत खायला बिस्किटं दिली. अख्खा डबा.

दुपारी बॅग भरत होतो. झाकण बसेना म्हणून रेवाला वर बसवलं. ती माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलते, मधे डच. आज थांबून, शब्द जुळवत मराठीत म्हणाली, “आजोबा, बाबा परत इकडे राहायला येणार?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तयार असतंच. होणार, सगळं नीट होणार, तू काळजी करू नकोस. आठ वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगतात?

“मला माहीत नाही, बाळा,” मी म्हटलं.

ती विचार करत बसली. मग विचारलं, “कोणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही अजून.”

“ओके,” म्हणाली, आणि चेन लावायला मला मदत केली. मग पेन्सिलींचा डबा आणून माझ्या हातात दिला. सगळ्यांना टोकं काढलेली होती.

कीसच्या पद्धतीने आजची नोंद. पाऊस सात-आठ मि.मी. असावा, मोजला नाही. चारुता दुपारी सोफ्यावर तासभर झोपली. मी उठवलं नाही.